जुन्या सेडानने पुण्याहून स्पिती: तयारीपासून परतीपर्यंत

पुण्याहून शिमला आणि किन्नौरमार्गे स्पिती खोऱ्यातील काझा गाठायचे, आसपासची गावे पाहायची आणि त्याच वाटेने परत यायचे, हा प्रवास साधारण साडेचार हजार किलोमीटरचा होतो. मी तो दोनदा केला आणि दोन्ही वेळा गाडी एकच होती: १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची सेडान, पहिल्या वेळी नऊ वर्षांची आणि दुसऱ्या वेळी बारा वर्षांची. ‘या गाडीने जाणार?’ हा प्रश्न सोसायटीतल्या शेजाऱ्यांपासून वाटेवरच्या रामपूरच्या पंपावरील पोऱ्यापर्यंत सर्वांनी विचारला. विचारणाऱ्यांच्या मनात भीती असते ती चढणीची. माझा अनुभव असा की ठाकठीक ठेवलेली जुनी सेडान हळू का होईना, पण चढते. तिची खरी परीक्षा लांब उतारावर, उघड्या दगडांवर आणि आपण ‘चालेल अजून’ म्हणून न बदललेल्या स्वस्त सुट्या भागांवर होते. पुढील सर्व सूचना याच क्रमाने महत्त्वाच्या आहेत असे समजावे.

आधी सिंहगड, मग स्पिती

निघण्याच्या किमान दीड महिना आधी गाडीची रंगीत तालीम घ्यावी. पुणेकरांसाठी सिंहगडाचा घाट यासाठी उत्तम आहे, कारण तो अरुंद, तीव्र चढणीचा आणि वळणावळणाचा आहे. मुंबईकरांना माळशेज, नाशिककरांना कसारा चालेल. मात्र तालीम रिकाम्या गाडीने घेऊ नये. प्रवासाला जितकी माणसे आणि जितके सामान असणार तितके वजन गाडीत भरावे, सामान तयार नसेल तर पाण्याचे कॅन भरून ठेवावेत, आणि शक्यतो दुपारच्या उन्हात वर जावे.

चढताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलतो का, हे पहिले. तिसऱ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, असे होते का, हे दुसरे. तसे होत असेल तर क्लच प्लेट घसरते आहे आणि ती बदलल्याशिवाय निघण्यात अर्थ नाही. तिसरे म्हणजे, उभ्या चढावर गाडी थांबवून हँडब्रेकवर पुन्हा उचलून पाहावी. उतरताना संपूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरावा, खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन (रिमला न टेकवता) उष्णता अजमावावी. एखादेच चाक इतरांपेक्षा फार तापलेले असेल तर त्या चाकाचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणारा भाग) अडकतो आहे किंवा मागच्या ड्रममधील लायनर घासतो आहे. हा दोष शहरात वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

घरी परतल्यावर गाडी रात्रभर एका कोरड्या जागी उभी करून खाली जुने वर्तमानपत्र पसरावे. सकाळी कागदावर पडलेले डाग हा गाडीचा सर्वांत प्रामाणिक अहवाल असतो. काळसर डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी आणि चिकट डाग कूलंटचा, आणि चाकाच्या आतल्या बाजूला पडलेला तेलकट, पारदर्शक डाग ब्रेक ऑइलचा. शेवटचा डाग दिसला तर इतर सगळे बाजूला ठेवून तो आधी पाहावा.

गॅरेजमध्ये काय सांगावे

‘हिमालयात चाललो आहे, सगळे बघून घ्या’ असे सांगितले की मेकॅनिक सर्व्हिसिंग करतो, ऑइल बदलतो आणि गाडी धुऊन देतो. म्हणून यादी आपण करावी आणि काढलेले जुने भाग परत मागून पाहावेत.

सुरुवात कूलिंगपासून करावी. उंचीवर हवेचा दाब कमी होतो तसा पाण्याचा उत्कलनबिंदूही खाली येतो. काझाच्या उंचीवर, म्हणजे ३,६०० मीटरच्या वर, साधे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढवून ठेवते म्हणूनच कूलंट उकळत नाही. बारा वर्षे जुन्या झाकणाची स्प्रिंग आणि रबर सैल झालेले असते आणि सखल भागात त्याने काहीही बिघडत नाही. ते निमूटपणे बदलावे. सोबत वरचा व खालचा होज पाइप, थर्मोस्टॅट आणि फॅन बेल्ट बदलून घ्यावा. काढलेला बेल्ट सुस्थितीत असेल तर तोच सुटा म्हणून डिकीत ठेवावा. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे ठेवले तर ते उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही आणि उकळण्यासही अधिक उष्णता लागते. ‘थोडे पाणीच टाकले साहेब’ ही सवय पुण्यात खपते, स्पितीच्या रात्री मात्र खपत नाही. इंजिनात टायमिंग चेन नसून बेल्ट असेल आणि तो बदलण्याची मुदत जवळ आली असेल, तर तो टेन्शनर व वॉटर पंपासह बदलावा.

ब्रेकचे पॅड आणि लायनर बहुतेक लोक पाहतात, ब्रेक ऑइल मात्र विसरतात. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर कॅलिपर तापले की आत वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल स्पंजासारखे खाली जाते. दर दोन वर्षांनी ते संपूर्ण बदलावे, आणि बदलताना चारही चाकांतून जुने द्रव बाहेर काढले जाते आहे याची खात्री तिथे उभे राहून करून घ्यावी. नुसती वरची टाकी रिकामी करून भरणे म्हणजे बदलणे नव्हे.

टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या सांकेतिक मजकुराच्या अखेरचे चार आकडे पाहावेत: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचे रबर कडक झालेले असते आणि धारदार दगडावर त्याची बाजू चिरते. १.६ मिलिमीटर ही नक्षीची कायदेशीर किमान मर्यादा आहे, पण या प्रवासाला मी चार मिलिमीटरच्या खाली नक्षी असलेला टायर लावणार नाही. स्टेपनीलाही हाच नियम लागू आहे, कारण नेमकी तीच सर्वांत जुनी असते.

जमिनीपासूनची कमी उंची हा सेडानचा खरा कमकुवतपणा आहे. कंपनीने सांगितलेली जमिनीपासूनची उंची १६५ किंवा १७० मिलिमीटर असली तरी बारा वर्षांनी स्प्रिंग दबलेल्या असतात आणि चार माणसे बसल्यावर मागची बाजू आणखी खाली जाते. गाडी भरून, टेप घेऊन, इंजिनाच्या चेंबरखालील (चेंबर म्हणजे तळाशी ऑइल साठवणारा भाग) आणि सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या बिंदूखालील अंतर स्वतः मोजावे. माझ्या गाडीचे भरलेले अंतर १४० मिलिमीटरच्या आसपास निघाले, तेव्हा मी मागच्या स्प्रिंग बदलल्या आणि चौथा प्रवासी कमी केला. इंजिनाखाली पत्र्याचे जाड गार्ड बसवून घ्यावे, सायलेन्सरचे रबरी हँगर नवे टाकावेत, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉक ॲब्सॉर्बर तपासावेत आणि हे सर्व झाल्यावरच अलाइनमेंट करावी. टपावर कॅरिअर लावू नये. त्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि आधीच दमलेल्या इंजिनावर वाऱ्याचा विरोध वाढतो.

बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर बदलावी, कारण थंडीत तिची ताकद घटते आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे स्टार्टरला अधिक जोर लागतो. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि एअर फिल्टर साफ करून घ्यावा. शहरात जाणवत नसलेली घाण ४,००० मीटरवर गाडी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता उभी असताना, बंद पडण्याचे कारण ठरते. दिव्यांचा झोत भरलेल्या गाडीनेच तपासावा, कारण मागे वजन पडले की तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

सोबत काय असावे

काझामध्ये किरकोळ दुरुस्ती होते, पण आपल्या गाडीचा नेमका भाग मागवायचा तर तो रेकाँग पिओ, रामपूर किंवा मनालीहून येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात. म्हणून क्लच केबल (आपल्या गाडीत असेल तर), फ्यूज, बल्ब, होजच्या क्लिपा, दोन लिटर कूलंट, एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची बंद बाटली, ट्यूबलेस पंक्चरचा संच, हवा भरण्याचा छोटा पंप, जंपर केबल, दोरखंड, तार, प्लॅस्टिकचे बंद आणि कपाळावर बांधायचा दिवा एवढे बाळगावे. जॅकखाली ठेवण्यासाठी एक फूटभर लांबीची जाड फळी घ्यावी. मऊ मातीत तिच्याशिवाय जॅक आत रुततो.

दोन वस्तूंविषयी वेगळे सांगावेसे वाटते. चेंबरला दगड लागून बारीक चीर पडली तर ती जागा पेट्रोलच्या फडक्याने कोरडी करून एम-सील मळून दाबावे, ते पूर्ण कडक होईपर्यंत थांबावे, ऑइलची पातळी भरावी आणि जवळच्या मोठ्या गावापर्यंत हळू जावे. पेट्रोलच्या टाकीला झिरपा लागला तर कपडे धुण्याच्या साबणाची ओली वडी त्यावर घासून भरावी, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हा जुन्या ट्रकचालकांचा उपाय आहे, आणि तो चालतो.

कागदपत्रे आणि मैदानातील तीन दिवस

पीयूसी, विमा आणि नोंदणी यांची मुदत प्रवास संपेपर्यंत पुरते ना हे पाहावे. गाडी १५ वर्षांच्या जवळ असेल तर नोंदणीचे नूतनीकरण आधी करून घ्यावे. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील निर्बंधांविषयीचे आदेश वेळोवेळी बदलत आले आहेत, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात त्या वेळचा नियम तपासावा. दिल्ली शहर टाळण्यासाठी जयपूरहून नारनौल आणि तेथून १५२-डी या द्रुतगती महामार्गाने अंबाल्याकडे जाता येते, आणि मी तेच सुचवीन. परंतु हा रस्ताही राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या हरियाणाच्या जिल्ह्यांतूनच जातो, हे जुन्या डिझेल गाडीच्या मालकांनी ध्यानात ठेवावे. स्पितीसाठी भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही.

पुणे ते इंदूर, इंदूर ते जयपूर, जयपूर ते पंचकुला असे तीन टप्पे सोयीचे पडतात. या तीन दिवसांत ताशी ८० ते ९० किलोमीटरच्या वर जाण्याचा मोह टाळावा आणि दर मुक्कामी सकाळी, इंजिन थंड असताना, ऑइल व कूलंटची पातळी पाहून वहीत लिहावी. तीन दिवसांत ऑइल अर्धा लिटरने उतरले, तर डोंगरात किती लागेल याचा अंदाज मैदानातच येतो.

केव्हा जावे आणि कोठे थांबावे

माझी पसंती १५ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या काळाला आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये किन्नौरमधील महामार्गावर दरडी कोसळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरी येथे कोसळलेल्या दरडीखाली बससह वाहने गाडली जाऊन २८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या महिन्यांत गाडी कितीही नवी असली तरी जाऊ नये. सप्टेंबरात पाऊस ओसरलेला असतो, नाल्यांचे पाणी उतरलेले असते आणि रात्रीची थंडी अजून सोसण्याजोगी असते. फक्त एक गोष्ट: तो सफरचंदांचा हंगाम असतो, त्यामुळे नारकंडा ते रेकाँग पिओ या पट्ट्यात पेट्यांनी लादलेल्या ट्रक आणि पिकअपची रीघ असते. वेळेचा हिशेब त्याप्रमाणे करावा.

स्पितीला मनालीकडून जाण्याऐवजी शिमल्याकडून जावे, हे गाडी आणि शरीर दोघांच्याही हिताचे आहे. पंचकुल्याहून पहिला मुक्काम नारकंडा (सुमारे २,७०० मीटर), मग कल्पा (सुमारे २,९०० मीटर) येथे दोन रात्री, पुढे नाको (सुमारे ३,६०० मीटर), ताबो (सुमारे ३,३०० मीटर) आणि मग काझा, अशी चढण शरीराच्या अंगवळणी पडते. नाको झेपेल असे वाटत नसेल तर तेथे फक्त जेवून ताबोला मुक्काम करावा. ताबोचा मठ इ. स. ९९६ मधला आहे, त्याला अर्धा दिवस दिलाच पाहिजे. नाहीतरी नाको ते ताबो अंतर कमी आहे. डोके ठणकणे, मळमळ, झोप न लागणे ही उंचीची लक्षणे आहेत. ती असताना आणखी वर जाऊ नये, आणि चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागू लागला तर रात्र असली तरी सुरक्षितपणे खाली उतरावे. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना विचारून पुण्यातच ठरवावे.

उतार

नारकंड्याहून कुमारसैनमार्गे सतलजच्या पात्राकडे रस्ता दीड हजार मीटरहून अधिक खाली उतरतो. हिमालयातील पहिला खरा उतार हाच, आणि तो आपण सकाळी ताज्या उत्साहात उतरतो. थोडा हिशेब मांडून पाहावा. माणसे व सामानासह १,३०० किलोची गाडी दीड हजार मीटर खाली येते तेव्हा मोकळी होणारी ऊर्जा पन्नास-पंचावन्न लिटर थंड पाणी उकळीपर्यंत तापवू शकेल इतकी असते. ती एकतर इंजिन शोषील, नाहीतर ब्रेकच्या चकत्या.

पहिल्या प्रवासात मी ती चकत्यांना शोषू दिली. तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, सफरचंदांच्या ट्रकमागून रमतगमत उतरत होतो. आधी जळक्या रबरासारखा वास आला, तो ट्रकचा असेल असे वाटले. दोन वळणे पुढे पेडल नेहमीपेक्षा बोटभर खाली गेले, आणि त्यापुढच्या वळणावर आणखी. दोनदा पेडल मारून दाब आणला, दुसरा आणि मग पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत रस्त्याच्या डोंगराकडील बाजूला गाडी लावली. पुढच्या चाकांतून निळसर धूर येत होता. मागून आलेला पिकअपवाला थांबला, चाकावर पाणी ओतण्यासाठी मी बाटली उघडत होतो ती त्याने हातातून काढून घेतली आणि म्हणाला, ‘‘पानी मत डालो, डिस्क टेढ़ी हो जाएगी. एक घंटा बैठो. फिर गियर में उतारो, ब्रेक में नहीं.’’ पाऊण तासाने पेडल पुन्हा वर आले. पुण्यात दोन महिन्यांपूर्वी गाडीचे ‘ब्रेकचे काम’ झाले होते, पण ब्रेक ऑइल तीन वर्षे जुनेच होते.

नियम जुना आणि सोपा आहे: जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, तो त्याच गिअरमध्ये उतरावा. म्हणजे बहुतेक ठिकाणी दुसरा, उभ्या वळणांवर पहिला. इंजिनाचे फेरे तीन-साडेतीन हजारांपर्यंत जाऊन आवाज वाढला तरी घाबरू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असल्याने त्या वेळी पेट्रोलही जवळजवळ जळत नाही. ब्रेक सतत टेकवून न ठेवता, वेग वाढला की एकदा ठाम दाबून कमी करावा आणि पूर्ण सोडावा. सोडलेल्या काळात चकत्या निवतात. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे हा मूर्खपणा आहे, कारण इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर खालचा गिअर धरून ठेवणाऱ्या ‘एल’ किंवा ‘२’ या जागा कशासाठी असतात ते येथे कळते. दर आठ-दहा किलोमीटरनंतर पाच मिनिटे थांबावे, मात्र तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. काझाच्या थंड रात्रीही हीच पद्धत वापरावी, नाहीतर सकाळी ओले लायनर ड्रमला चिकटलेले सापडतात.

चढ

चढाविषयी थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. टर्बो नसलेले इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावते. ८० अश्वशक्तीचे इंजिन काझाला पन्नासच्या आसपास येते. त्यामुळे वळणाच्या आधीच खालचा गिअर टाकून घ्यावा, एसी बंद ठेवावा आणि हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची शहरातील सवय सोडावी; क्लच जळण्याचे मुख्य कारण तीच सवय असते. सतलज आणि स्पिती या नद्यांचा संगम असलेल्या खाबचा पूल ओलांडला की नाकोकडे जाताना तीसेक किलोमीटरमध्ये हजार मीटरहून अधिक चढण लागते, एकामागून एक उलटी वळणे येतात. येथे काटा वर सरकू लागला तर हीटर पूर्ण उघडावा, खिडक्या खाली कराव्यात आणि जागा मिळताच थांबून इंजिन काही मिनिटे आयडलला चालू ठेवावे. कूलंटची गळती दिसत असेल तर मात्र ते लगेच बंद करावे. रेडिएटरचे झाकण इंजिन निवेपर्यंत उघडू नये.

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा नियम कायद्यातही आहे. हिमाचल परिवहनची बस समोरून आली तर नियम बाजूला ठेवून आपणच मागे घ्यावे. आपल्यापेक्षा तिला मागे जाणे कठीण असते. तारंडा देवीच्या मंदिरापाशी स्थानिक चालक थांबून हात जोडतात. आपणही थांबावे, इंजिनही जरा निवते.

टायरमधील हवेचे एक कोडे येथे पडते. पुण्यात ३३ पौंड भरलेली हवा काझाला दुपारी मोजली तर ३६ च्या वर दिसते, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. ती लगेच सोडू नये. पहाटे शून्य अंशाजवळ मोजली की थंडीमुळे तीच हवा पुन्हा ३३ च्या आसपास आलेली असते. मोजावी ती सकाळी, थंड टायरवर, आणि तेव्हाच काय ते ठरवावे.

पाणी आणि दगड

नाकोच्या पुढचा मलिंग नाला आणि असे इतर ओघळ सकाळी लवकर ओलांडावेत, कारण ऊन चढले की वरचा बर्फ वितळून दुपारनंतर पाणी वाढते. पाण्यापाशी आले की उतरावे, बूट काढून चालत जावे आणि तळाचे दगड पायांनी चाचपावेत. पाणी गुडघ्याच्या खालीच पण नडगीच्या मध्यापर्यंत असेल, तर सेडानसाठी ती मर्यादा समजावी. पहिला गिअर, स्थिर ॲक्सिलरेटर, मध्ये गिअर न बदलता आणि न थांबता पलीकडे जावे, आणि बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून कोरडे करावेत. आधी एखादी स्थानिक गाडी जाऊ द्यावी व तिची चाके कोठून गेली ते पाहावे. हा सल्ला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा आहे.

रस्त्याच्या मधोमध उंचवटा आणि दोन्ही बाजूंना चाकोऱ्या असतील तर चाकोरीत उतरू नये. एक चाक उंचवट्यावर आणि दुसरे कडेला ठेवून जावे, म्हणजे चेंबर वाचतो. मोठा दगड दिसला तर तो दोन चाकांच्या मध्ये घेण्याची शहरातील सवय येथे महाग पडते. सहप्रवाशांना खाली उतरवले की गाडी बोटभर तरी उचलली जाते, तेव्हा लाजू नये.

पेट्रोल आणि पैसे

रेकाँग पिओच्या खाली पोवारी येथील पंपावर टाकी पूर्ण भरावी. तेथून काझा दोनशे किलोमीटर आहे आणि काझाला पंप आहे. डोंगरात लिटरला अकरा-बारा किलोमीटर धरले तरी अठरा-एकोणीस लिटर पुरतात, त्यामुळे ४० लिटरच्या टाकीला कॅनमधून पेट्रोल नेण्याची गरज नाही. बंद गाडीत पेट्रोलचा कॅन हा धोकाच आहे. काझाला पोहोचल्या दिवशीच टाकी भरून टाकावी, पंपावर टँकर उशिरा येण्याचे प्रसंग घडतात. रोख रक्कम पुरेशी ठेवावी आणि नकाशे आधीच उतरवून घ्यावेत.

काझाच्या पुढे

काझाहून किब्बर, लांगझा, हिक्किम आणि कोमिक ही गावे सेडानने होतात. रस्ते चढे आहेत, पण दगडी नाहीत. हिक्किमचे टपाल कार्यालय ४,४०० मीटर उंचीवर आहे आणि तेथून पुण्याला टाकलेले पत्र मी घरी पोहोचल्यानंतर आठवडाभराने मला मिळाले.

खरा निर्णय कुंझुमचा असतो. लोसरपर्यंतचा रस्ता चांगला आहे आणि सुमारे ४,५५० मीटरची कुंझुम खिंडही जुनी गाडी चढून जाते. कठीण आहे तो त्यापुढचा बातल ते ग्रांफू हा पन्नासेक किलोमीटरचा पट्टा. रस्त्याचे काम चालू असले तरी गोटे आणि वाहते नाले यांतून सेडानला पाच-सहा तास लागू शकतात आणि मदत दूर असते. तेथून पुढे अटल बोगद्याने, म्हणजे २०२० मध्ये खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या वाटेने, मनाली जवळ येते, आणि नकाशावर वर्तुळ पूर्ण होण्याचा मोह अनावर होतो. भरलेल्या गाडीची उंची १५० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, सोबत दुसरी गाडी नसेल किंवा काझाच्या टॅक्सीचालकांनी आदल्या दिवशी नकार दिला असेल, तर काझाहूनच मागे फिरावे. मी दोन्ही वेळा मागे फिरलो. चंद्रताल सरोवर पाहायचेच असेल तर काझाहून स्थानिक गाडी करावी.

परतीचा पहिला आठवडा

परतीच्या उताराला काझा ते नाको हा पट्टा सौम्य आहे, पण नाकोहून खाली येणारी वळणे आणि पुढे शिमल्याहून कालक्याकडील उतार हे दोन टप्पे पुन्हा दुसऱ्या गिअरचे आहेत. तेव्हा गाडीचे पॅड आठ दिवसांनी झिजलेले असतात आणि चालकाला घराचे वेध लागलेले असतात. रामपूरला थांबून पॅड पाहून घ्यावेत.

पुण्यात आल्यावर गाडी आधी खालून धुवावी, वरून नंतर. गार्ड काढून चेंबरवर नवे ओरखडे किती आले ते पाहावे, अलाइनमेंट करावी, इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर बदलावा. केबिनच्या हवेचा फिल्टरही काढून पाहावा. पहिल्या वेळी मी तो विसरलो आणि दिवाळीपर्यंत एसी लावला की गाडीत स्पितीच्या धुळीचा वास येत होता.